भाईंदरचे मीठ आणि तीन शास्त्रे

पदार्थविज्ञान, रसायन, आणि ज्यास अलीकडे द्रव्यविज्ञान असे नाव मिळाले आहे ते धातू, स्फटिक, काच इत्यादी उपयुक्त द्रव्यांच्या अंतर्घडणीचे शास्त्र, ह्या तिन्हींत आज जगभर जे संशोधन चालले आहे त्याची वार्ता मराठी वाचकांस बहुधा दूरदेशच्या बातमीप्रमाणे कळते. कोठेतरी एखादे नवे द्रव्य सापडले, कोणास तरी पारितोषिक मिळाले, एवढे वाचून आपण पान उलटतो. ह्या संशोधनाचा आपल्या भूमीशी काही संबंध असेल अशी शंकाही मनात येत नाही. परंतु ह्या तिन्ही शास्त्रांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास एकाच पदार्थाच्या आधारे बराचसा सांगता येतो. आणि तो पदार्थ मुंबईच्या उत्तर सीमेस लागून असलेल्या भाईंदरच्या खाडीकाठी पिढ्यानुपिढ्या पिकत आला आहे. तो पदार्थ म्हणजे मीठ. रोज पानात डाव्या हाताला वाढला जाणारा हा पांढरा कण तीन शास्त्रांच्या भांडणात साक्षीदार म्हणून किती वेळा उभा राहिला, आणि त्याची साक्ष दर वेळी पंडितांच्या अपेक्षेहून निराळी कशी निघाली, हे ह्या लेखात थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

आरंभ स्थळापासून करू. आज मीरा-भाईंदर ह्या जोडनावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरात मीरे, काशी, घोडबंदर, नवघर, भाईंदर, राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन अशी कितीतरी जुनी गावे सामावली आहेत. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र, आणि मध्ये भरतीच्या पाण्याने भिजणारी सपाट खाजणे, अशी ही भूमी. भात जेथे नीट पिकत नाही तेथे मीठ पिकते, हा कोकणपट्टीचा जुना न्याय येथेही लागू पडला. मिठाच्या शेतास आगर म्हणतात, आणि ठाण्यापासून रायगडापर्यंत पसरलेल्या आगरी समाजाचे नावही ह्याच शब्दाशी जोडले जाते.

मीठ ही वस्तू क्षुल्लक. पण तिच्याकडे राज्यकर्त्यांनी कधी क्षुल्लकपणे पाहिले नाही. खाडीपलीकडची वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती परत घेतली. ह्या दोनशे वर्षांत पश्चिम किनाऱ्यावरील मिठाचा व्यापार हा राजकारणाचाच भाग होता. शिवाजी महाराजांचे १६७१ चे एक पत्र प्रसिद्ध आहे. कुडाळकडील अधिकारी नरहरी आनंदराव ह्यांस लिहिलेल्या त्या पत्रात, बारदेशाकडून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे ते संगमेश्वरच्या मिठाहून स्वस्त पडणार नाही, अशी आज्ञा आहे. देशी मालास संरक्षण देण्याचा हा विचार अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून घेतलेला नव्हता. तो मिठाच्या बाजारातून सुचलेला होता. पुढे इंग्रजी अमलात १८६४ मध्ये मुंबई ते सुरत लोहमार्ग ह्याच भागातून गेला. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने तर मिठागरांवर सरकारी देखरेख इतकी कडक झाली की समुद्राकाठच्या मनुष्यासही स्वतःच्या घरापुरते मीठ मोकळेपणी करता येईना. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडी येथे मूठभर मीठ उचलले, त्याच वर्षी मे महिन्यात शिरोड्यास व वडाळ्यास सत्याग्रही मिठागरांवर चालून गेले, आणि १९४७ मध्ये तो कर अखेर उठला. ही कथा वाचकांस ठाऊकच आहे. आम्हांस सांगावयाची आहे ती त्याच मिठाची दुसरी कथा. ती तितकीच झुंजीची आहे. मात्र ह्या झुंजी प्रयोगशाळांत झाल्या.

पहिली प्रयोगशाळा मिठागरच होय. पावसाळा सरला की बांध दुरुस्त होतात, तळाची चिकणमाती तुडवून घट्ट केली जाते, आणि मोठ्या भरतीचे पाणी आत घेऊन ते एका उथळ तलावातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे क्रमाने सोडले जाते. ऊन व वारा आपले काम करतात. पाणी शेवटच्या वाफ्यांत पोचते तेव्हा ते मिठाने पुरते भारलेले असते. तेथे स्फटिक धरतात, ते ओढून काठावर त्यांच्या राशी घालतात. वरून पाहणाऱ्यास वाटते की समुद्राचे पाणी आटवले म्हणजे मीठ झाले. परंतु एवढेच असते तर ते मीठ तोंडात घालवले नसते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी खाण्याचे मीठ सुमारे २७ ग्रॅम. उरलेल्यांत चुन्याचे, मॅग्नेशियमचे व पोटॅशियमचे क्षार येतात. पाणी आटू लागले की हे सारे एकदम खाली बसत नाहीत. पाणी निम्म्यावर आले की चुनखडी बसू लागते. मूळच्या पाचव्या हिश्शावर आले की जिप्सम बसते. दहाव्या हिश्शाच्या आसपास मीठ धरू लागते. आणि मॅग्नेशियमचे कडू क्षार सर्वांच्या मागून येतात. म्हणजे पाणी एका तलावातून दुसऱ्या तलावात सोडण्याचा हेतू पाणी तापवण्याइतकाच अनिष्ट क्षार वाटेत मागे ठेवण्याचाही असतो. आणि शेवटच्या वाफ्यातील कडू पाणी वेळीच काढून टाकणे ह्यात मीठकऱ्याचे खरे कसब असते. उशीर झाला की मीठ कडवट व ओलसर होते. घाई झाली की पीक कमी येते. पाण्याचा रंग, हातास लागणारा चिकटपणा, वाऱ्याची दिशा, पृष्ठभागावर धरणाऱ्या पापुद्र्याचे रूप, ह्यांवरून ती वेळ ओळखली जाई.

हाच क्रम इटालियन रसायनज्ञ उझिल्यो ह्याने १८४९ मध्ये भूमध्य समुद्राचे पाणी आटवून, वजने करून, कागदावर मांडला. त्याच्या आधी १७६८ मध्ये पॅरिसचा औषधविक्रेता बोमे ह्याने द्रवाची दाटी मोजण्याचे तरते काचयंत्र काढले होते, आणि त्याच्या अंशांची आखणी मिठाच्या पाण्यावरच केली होती. समुद्राचे पाणी ह्या मापाने सुमारे ३ अंश भरते, २५ अंशांच्या सुमारास मीठ धरू लागते, आणि ३० च्या जवळपास पाणी काढून टाकावे लागते. पुढे डच रसायनज्ञ व्हांट हॉफ ह्याने, ज्यास १९०१ चे रसायनशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक मिळाले, बर्लिन येथे १८९६ पासून अनेक वर्षे जर्मनीतील स्टासफुर्टच्या प्राचीन क्षारसाठ्यांवर खर्च केली. लक्षावधी वर्षांपूर्वी आटलेल्या एका समुद्रात कोणता क्षार कोणत्या उष्णतामानास, कोणाच्या सोबतीने व कोणाच्या नंतर बसला असेल, ह्याचे त्याने नियम बसवले. एवढा मोठा शास्त्रज्ञ ज्या प्रश्नाशी झगडला तो तत्त्वतः भाईंदरच्या आगरातील वाफ्याचाच प्रश्न होता. फरक एवढाच की एकाचे उत्तर ग्रंथात गेले, आणि दुसऱ्याचे उत्तर बापाकडून मुलाकडे तोंडी जात राहिले.

असो. आता मिठाच्या पोटात शिरू. १८०७ मध्ये लंडनच्या हंफ्री डेव्ही ह्याने दाहक सोडा वितळवून त्यातून विद्युत्प्रवाह सोडला, तेव्हा चाकूने कापता येईल इतका मऊ, पाण्यात टाकताच पेट घेऊ पाहणारा एक धातू बाहेर पडला. तो सोडियम. १८१० मध्ये त्यानेच दाखवून दिले की ज्या हिरवट, घुसमटवणाऱ्या वायूस लोक संयुग समजत होते तो मूलद्रव्यच आहे. त्याला त्याने क्लोरीन हे नाव दिले. एक ज्वलनशील धातू व एक विषारी वायू ह्यांच्या संयोगातून वरणात घालावयाची वस्तू होते, हा चमत्कार रसायनशास्त्राच्या पहिल्या धड्यात आजही सांगितला जातो. तेथून पुढे रसायनज्ञांनी मिठाचे चित्र असे रंगवले: सोडियमचा एक अणू आणि क्लोरीनचा एक अणू ह्यांची एक जोडी, हा मिठाचा रेणू, अशा जोड्यांची रास म्हणजे मिठाचा खडा. चित्र सोपे होते, त्यावरून केलेली गणिते बरोबर येत होती, आणि म्हणून ते सत्यच असले पाहिजे असे सर्वांनी गृहीत धरले.

पहिला धक्का स्वीडनमधून आला. १८८४ मध्ये आर्हेनिअस नावाच्या तरुणाने आपल्या प्रबंधात असा विचार मांडला की, क्षार पाण्यात विरघळतो तेव्हा त्याच्या जोड्या फुटतात, आणि विद्युद्भारयुक्त तुकडे पाण्यात मोकळे हिंडू लागतात. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते ती त्यामुळेच. परीक्षकांस ही कल्पना विपरीत वाटली. सोडियम जर पाण्यात मोकळे झाले तर ते पेट का घेत नाही, हा त्यांचा आक्षेप बाह्यतः बिनतोड होता. प्रबंधास हलकी श्रेणी मिळाली. विद्युद्भारयुक्त सोडियम आणि धातुरूप सोडियम ह्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत हे पटावयास काळ लागला. पटले तेव्हा त्याच आर्हेनिअसला १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या वादात रसायनशास्त्रास पदार्थविज्ञानाचे एक मत मान्य करावे लागले. ते कबूल केल्यानेच विद्युत्‌रसायनाची सारी इमारत उभी राहिली.

तरीही एक आधार शिल्लक होता. पाण्यात जोड्या फुटत असतील, पण कोरड्या खड्यात तरी त्या शाबूत असतीलच, असे मानण्यास जागा होती. १९१२ मध्ये जर्मनीत लौए व त्याचे सहकारी ह्यांनी स्फटिकातून क्ष-किरण सोडून छायाचित्राच्या काचेवर ठिपक्यांची नियमित नक्षी मिळवली. दुसऱ्याच वर्षी, १९१३ मध्ये, लॉरेन्स ब्रॅग ह्या विशीतील तरुणाने त्या ठिपक्यांची भाषा उलगडली. आणि ज्या पहिल्या स्फटिकांची अंतर्रचना मनुष्यास समजली त्यांत मीठ होते. सोडियम आणि क्लोरीन बुद्धिबळाच्या पटावरील काळ्यापांढऱ्या घरांप्रमाणे तिन्ही दिशांनी आळीपाळीने मांडलेले दिसले. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. दोन शेजाऱ्यांमधील अंतर एका सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाच्या अडीच-तीन पट. कोणता सोडियम कोणत्या क्लोरीनचा, हा प्रश्नच निरर्थक ठरला. जोडी नाही, रेणू नाही. सारा खडा हेच एक अखंड कुटुंब. लॉरेन्स ब्रॅगला वडील विल्यम ब्रॅग ह्यांच्यासह १९१५ चे नोबेल मिळाले तेव्हा त्याचे वय अवघे २५ होते.

शोधास पारितोषिक मिळाले म्हणून वाद मिटतो असे नाही. १९२७ मध्ये, म्हणजे तब्बल १४ वर्षांनी, ऐंशीच्या घरात पोचलेल्या हेन्री आर्मस्ट्रॉंग ह्या इंग्रज रसायनज्ञाने ‘नेचर’ नियतकालिकात ‘बिचारे साधे मीठ!’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली ह्या पटावर कडाडून हल्ला केला. रसायनज्ञांच्या शतकभराच्या श्रमांची ही थट्टा आहे अशी त्याची भावना होती. ह्या वृद्धास हसणे सोपे आहे. पण आमच्या मते त्याच्या चिडण्यात शिकण्याजोगे काही आहे. साखर, कापूर, बेंझिन ह्यांत रेणू खरोखरच असतात. त्यांच्याबाबत रसायनज्ञांचे चित्र सर्वस्वी बरोबर होते. एका वर्गात यशस्वी झालेले चित्र सर्वत्र लागू केल्याने ही चूक झाली होती. ती दाखवण्यासाठी शेजारच्या शास्त्राचे उपकरण लागले.

ह्यानंतरचा अध्याय हिंदुस्थानातील आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी कलकत्त्यास प्रकाशाच्या विकिरणाचा तो प्रसिद्ध परिणाम निश्चित केला. त्याच १९२८ साली मराठीत ‘सृष्टिज्ञान’ हे विज्ञानाला वाहिलेले मासिक निघाले, आणि मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक गो. रा. परांजपे ह्यांच्यासारख्यांनी ते वाढवले. मुलांस व गृहस्थांस नव्या शास्त्राची ओळख आपल्या भाषेत व्हावी ही त्यांची निष्ठा होती. रामन परिणाम द्रवांत चटकन दिसे. मिठाच्या स्फटिकाने मात्र हुलकावणी दिली. त्याची अणुमांडणी इतकी समतोल आहे की नेहमीच्या पहिल्या पायरीच्या रेषा त्यात उमटूच शकत नाहीत. दुसऱ्या पायरीचा अतिशय मंद प्रकाश तेवढा उमटतो. तो १९३१ मध्ये रोम येथे फर्मी व रासेती ह्यांनी टिपला.

ह्या मंद प्रकाशावरून पुढे मोठे रण माजले. स्फटिकातील अणू कसे थरथरतात, हा प्रश्न होता. जर्मनीतून परागंदा झालेले माक्स बॉर्न हे १९३५-३६ मध्ये रामन ह्यांच्याच निमंत्रणावरून काही महिने बंगळुरास राहून गेले होते. त्यांच्या मते स्फटिकात असंख्य प्रकारची कंपने एकमेकांस लागून असतात, आणि त्यांचा अखंड पट्टा दिसला पाहिजे. रामन ह्यांनी ह्याच्या उलट असे प्रतिपादन केले की कंपने मोजकीच असतात. मिठाच्या बाबतीत त्यांची संख्या नऊ. त्यांचे शिष्य आर. एस. कृष्णन ह्यांनी अतिशय नाजूक प्रयोग करून मिठाच्या वर्णपटात स्पष्ट उंचवटे दाखवले. १९४७ मध्ये बॉर्न व त्यांच्या सहकारी ब्रॅडबर्न ह्यांनी गणिताने सिद्ध केले की अखंड पट्ट्यातही असे उंचवटे येतातच. पुढे न्यूट्रॉनांच्या साह्याने कंपने थेट मोजता येऊ लागली, आणि निकाल बॉर्न ह्यांच्या बाजूने लागला. रामन ह्यांनी आपले मत अखेरपर्यंत सोडले नाही. राष्ट्राभिमानाने आपण ही हकीकत झाकून ठेवू नये. सिद्धांत टिकला नाही, पण बंगळुरास घेतलेली मापे टिकली. आणि ती इतकी बारीक होती म्हणूनच प्रतिपक्षास आपले गणित तेवढे बारीक करावे लागले. शास्त्रात हरलेल्या बाजूनेही कधीकधी असे ऋण करून ठेवलेले असते.

आतापर्यंत आपण निर्दोष मिठाविषयी बोललो. द्रव्यविज्ञानाचा जन्म मात्र मिठाच्या दोषांतून झाला. क्ष-किरणांत ठेवलेला स्वच्छ मिठाचा खडा पिवळट-तपकिरी होतो, आणि तापवला की पुन्हा पांढरा होतो, हे जुन्या काळापासून माहीत होते. गॉटिंगेन येथे पोल नावाच्या प्राध्यापकाने १९२० नंतरची वीस वर्षे ह्या रंगाचा पाठपुरावा केला. त्याचे बरेचसे समकालीन अणूच्या गर्भात उतरले असता हा गृहस्थ रंगलेले मीठ घेऊन बसला आहे, ह्याचे अनेकांस हसू येई. उलगडा असा झाला की, पटावरील एखादे क्लोरीनचे घर रिकामे राहते आणि त्या रिकाम्या घरात एक इलेक्ट्रॉन अडकतो. तोच प्रकाश गिळतो व रंग देतो. १९३० च्या सुमारास वाग्नर व शोट्की ह्यांनी आणखी पुढे जाऊन दाखवले की अशी रिकामी घरे कोणत्याही खऱ्या स्फटिकात असणारच; उष्णतेचा तो नियमच आहे. परिपूर्ण खडा हा केवळ कागदावरचा. १९३८ मध्ये पोल व हिल्श ह्यांनी मिठाच्याच भावंडाच्या, म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडच्या, स्फटिकात तिसरा विद्युदग्र घालून एका प्रवाहाने दुसरा प्रवाह ताब्यात ठेवून दाखवला. ते उपकरण फार मंद होते, व्यवहारात आले नाही. परंतु स्फटिकातील उणिवांवर हुकमत मिळाली तर विजेवर हुकमत मिळते, हा विचार रुजला. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत जर्मेनियमच्या तुकड्यावर ट्रान्झिस्टर सिद्ध झाला. आज प्रत्येक घरातील दूरध्वनीत आणि गणकयंत्रात जे सिलिकॉन आहे, त्याचा सारा गुण मोजून-मापून घातलेल्या अशुद्धीत आहे.

येवढे झाल्यावर मिठात जाणण्यासारखे काही उरले नाही असे वाटणे साहजिक होते. तेही खरे ठरले नाही. सोडियमचा एक व क्लोरीनचा एक, हे प्रमाण शाळेतील प्रत्येक मूल घोकते. २०१३ मध्ये रशिया, अमेरिका व चीन येथील संशोधकांनी गणिताने असे भाकीत केले की प्रचंड दाबाखाली हे प्रमाण मोडते. आणि हिऱ्याच्या दोन टोकांमध्ये वातावरणाच्या कित्येक लक्ष पट दाब देऊन त्यांनी एका सोडियमला तीन क्लोरीन, तसेच तीन सोडियमला एक क्लोरीन, अशी संयुगे प्रत्यक्ष तयार केली. २०२३ मध्ये दुसऱ्या एका गटास थंडी व दाब ह्यांच्या योगाने मीठ व पाणी मिळून झालेले दोन नवे स्फटिक सापडले. एकात मिठाच्या दोन भागांस पाण्याचे सतरा रेणू, दुसऱ्यात एका भागास तेरा. तोपर्यंत मिठाचा जलयुक्त स्फटिक एकच माहीत होता. गुरूच्या युरोपा ह्या चंद्राच्या बर्फावर दिसणारे क्षार असेच असावेत, असा ह्या शोधाचा रोख आहे.

व्यवहाराच्या दृष्टीने ह्याहून महत्त्वाचे काम विद्युत्‌घटांवर चालले आहे. आजच्या घटांतील लिथियम विरळ व महाग आहे, आणि ते थोड्याच देशांच्या हाती आहे. त्याच्या जागी सोडियम आणावे, हा प्रयत्न कित्येक वर्षांचा आहे. अडचण आकाराची. विद्युद्भारयुक्त सोडियम लिथियमहून सुमारे एक-तृतीयांशाने अधिक रुंद असतो. लिथियम ज्या ग्राफाइटच्या थरांत सहज शिरते तेथे तो नीट सामावत नाही, म्हणून वेड्यावाकड्या घडणीचा कठीण कोळसा मुद्दाम तयार करावा लागतो. त्याचबरोबर एक सोयही आहे: सोडियम ॲल्युमिनियमशी मिसळत नाही, त्यामुळे महागड्या तांब्याच्या पत्र्याचे काम स्वस्त ॲल्युमिनियमवर भागते. २०२३ च्या डिसेंबरात पुण्यातील केपीआयटी ह्या कंपनीने, तेथीलच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या सहकार्याने सिद्ध केलेले सोडियम घटाचे तंत्र जाहीर केले. ह्या घटात द्रवाचे रसायन आहे, भाराच्या वहनाचे पदार्थविज्ञान आहे, आणि कोळशाच्या घडणीचे द्रव्यविज्ञान आहे; त्यांतील एक काढले तर घट चालत नाही. आणि त्यातले सोडियम ज्या सोड्यातून येते तो सोडा मिठापासूनच होतो.

ह्या सर्व इतिहासातून आम्हांस एकच गोष्ट ठळकपणे दिसते. मीठ प्रथमपासून एकच होते. भिंती घातल्या त्या आपण, अभ्यासाच्या सोयीसाठी. ज्या ज्या वेळी भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचे गैरसोयीचे म्हणणे कोणी ऐकून घेतले त्या त्या वेळी ज्ञान पुढे सरकले. आर्हेनिअसचे परीक्षक किंवा आर्मस्ट्रॉंग ह्यांच्यासारख्यांनी कान बंद केले तेव्हा ते तेवढा काळ अडले. परंतु ह्या शेजाऱ्यांच्या मेळाव्यात एक आसन सदैव रिकामे राहिले. ते ज्याने मीठ पिकवले त्याचे.

हे रिकामे आसन भरण्यास आता फार अवधी उरलेला नाही. १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदरची वस्ती २०११ च्या शिरगणतीत ८ लक्षांवर गेली. खाडीकाठची मिठागरे वर्षानुवर्षे आकसत आहेत. त्यांच्या जागेस आज मिठापेक्षा मोल आले आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांत पाणथळ जागांच्या व्याख्येतून मिठासाठी बांधलेली जलाशये वगळली आहेत. म्हणजे पाणी साठवणारी ही सखल भूमी कागदावर पाणथळ नव्हे. पण भरतीच्या पाण्यास कागद वाचता येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबई व तिच्या उपनगरांस सखल भूमीचे मोल समजावे इतके समजले. घरे नकोत असे आम्ही म्हणत नाही. ज्यास राहावयास घर नाही त्यास मिठागराच्या शोभेचे कौतुक सांगणे हे निष्ठुरपणाचे होईल. परंतु भूमी देण्यापूर्वी तिने आजवर काय काय काम केले ह्याचा हिशेब मांडणे, एवढी तरी अपेक्षा गैर नाही.

भूमीहूनही वेगाने जाते ते ज्ञान. कडू पाणी कोणत्या क्षणी सोडावे, कोणत्या वाऱ्यास दाणा मोठा धरतो, तळाची माती किती तुडवली म्हणजे मीठ काळवंडत नाही, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांची पिढी आता म्हातारी झाली आहे, आणि त्यांची मुले दुसऱ्या उद्योगांत गेली आहेत. भावनगर येथे १९५४ पासून मिठाच्या संशोधनासाठी केंद्रीय संस्था आहे; तेथे क्षारांचे शास्त्र उत्तम जाणले जाते. परंतु एका विशिष्ट खाडीचे, तिच्या मातीचे व तिच्या वाऱ्याचे ज्ञान त्या खाडीच्या काठीच टिपावे लागते. मीरा-भाईंदरमधील शाळा-महाविद्यालयांतील अध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांस एका हंगामापुरते मिठागरावर न्यावे, हाती बोमेचे काचयंत्र द्यावे, आणि वृद्ध मीठकरी ज्या क्षणी ‘आता सोडा’ म्हणेल त्या क्षणी यंत्र कोणता अंश दाखवते ते वहीत लिहून घ्यावे. ह्यास खर्च फार नाही. अशा वह्या दहा-वीस जमल्या तर त्यांत रसायन, पदार्थविज्ञान आणि द्रव्यविज्ञान ह्यांच्या पंक्तीस त्यांचा सर्वांत जुना शेजारी येऊन बसेल. आणि त्याची साक्षही, आजवरच्या मिठाच्या प्रत्येक साक्षीप्रमाणे, पंडितांच्या अपेक्षेहून काही निराळी निघण्याचा बराच संभव आहे.